पायाला काहीच लागले नव्हते

माझ्या उजव्या पोटरीच्या दोन्ही अंगांना वीतभर लांबीचे व्रण आहेत. आतल्या बाजूचा शिवणीसारखा सरळ आहे आणि बाहेरच्या बाजूचा चकचकीत, खोलगट, मांडीवरची कातडी काढून लावलेला. साडीखाली ते दिसत नाहीत, पण जिना चढताना काठ थोडा वर झाला की मागून येणाऱ्याची नजर हमखास तिथे जाते आणि प्रश्न येतो, "बाई, कुठे पडलात?" मी कुठेही पडले नव्हते. गाडीवरून घसरले नव्हते, पाय मुरगळला नव्हता, दाराचा कोपरासुद्धा लागला नव्हता. काहीही न लागता पाय असा चिरावा लागतो, हे ऐकणाऱ्याला पटत नाही. त्या रात्री ते मलाही पटले नव्हते आणि पुढच्या पुष्कळशा गोष्टी त्यातूनच बिघडत गेल्या.

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी लहानपणी मला सांधे सुजवणारा ताप आला होता. त्याने हृदयाची झडप खराब केली आणि 2009 मध्ये ती काढून धातूची बसवावी लागली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिचा परिणाम आयएनआर नावाच्या तपासणीत मोजतात. औषध न घेणाऱ्या माणसाचा आकडा 1 च्या आसपास असतो; माझा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राहावा, असे मला सांगितलेले होते. तेरा वर्षे मी तो सांभाळला. मेथी-पालक किती खायचे याचा हिशेब ठेवला आणि दातांच्या डॉक्टरांनाही आधी झडपेचे सांगून मगच तोंड उघडले.

ऑगस्ट 2022 च्या पहिल्या आठवड्यात पोट बिघडले. जुलाबासाठी कोण डॉक्टरांकडे जाते, असा विचार करून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलची स्ट्रिप आणवली आणि पाच दिवस गोळ्या घेतल्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा यकृतातून होणारा निचरा ही गोळी मंदावते, त्यामुळे रोजचाच डोस अंगात वाढत जातो. त्यात मी पेज आणि ताकावर दिवस काढत होते, म्हणजे पालेभाजीतून मिळणारे के जीवनसत्त्वही थांबलेले. ही चूक सर्वस्वी माझी आहे आणि दुकानदाराने काही विचारले नाही, एवढ्यावरून ती त्याच्यावर ढकलता येणार नाही.

10 तारखेला, बुधवारी, शाळेत स्वातंत्र्यदिनाच्या लेझीमची तालीम होती. अमृतमहोत्सवी वर्ष असल्याने उत्साह अमाप होता आणि मी दोन तास भिजक्या मैदानावर उभी होते. उभी राहण्यापलीकडे काही केले नाही. संध्याकाळी आठच्या सुमारास पोटरी जड वाटू लागली. अकराला ठणका सुरू झाला, यजमानांनी तेल लावून चोळून दिली आणि त्याने तो वाढला. एक वाजेपर्यंत अशी स्थिती झाली की पायावर चादरही सोसेना आणि तळव्याला मुंग्या येऊ लागल्या.

आत काय चालले होते, हे मला नंतर समजले. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याभोवती पांढऱ्या, चिवट पडद्याचे आवरण असते, त्याला डॉक्टर फॅशिया म्हणतात. गादीची खोळ जशी ठरावीक कापसापुरतीच शिवलेली असते, तसेच हे आवरण असते. ते ताणत नाही. माझ्या रक्ताला गोठणे जमत नव्हते, त्यामुळे पोटरीतल्या एखाद्या बारीक रक्तवाहिनीतून आपोआप पाझर सुरू झाला आणि खोळीत जागा उरली नाही. कप्प्यातला दाब वाढत जाऊन रक्तदाबाच्या खालच्या आकड्याच्या जवळ पोहोचला की केशवाहिन्या मिटतात, स्नायू आणि मज्जातंतू उपाशी पडतात, आणि असे सहा ते आठ तास गेले तर स्नायू मरू लागतो. यातली फसवी बाब म्हणजे मोठ्या धमनीतला दाब बराच जास्त असल्याने पावलावरची नाडी तोवर व्यवस्थित लागत राहते.

रुग्णालयात रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी तीच नाडी पाहिली. "रक्तपुरवठा छान आहे, मॅडम. काही लागलंय का?" मी नाही म्हटले. सुजलेली, दुखणारी पोटरी, इजा नाही, म्हणजे शिरेत गुठळी असावी असे त्यांनी धरले आणि सकाळी डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करू म्हणाले. गुठळी समजून त्यांनी लगेच रक्त पातळ करणारे इंजेक्शन दिले नाही, आयएनआरची वाट पाहिली, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. दिले असते तर आगीत तेल ओतल्यासारखे झाले असते. पहाटे सहाला आकडा आला, 8.2. साडेसातला अस्थिशल्यचिकित्सक आले, त्यांनी पोटरीला बोट लावून पाहिले, ती लाकडासारखी झाली होती, आणि मग काही न बोलता माझ्या पायाचा अंगठा हलकेच वर उचलला. मी ओरडले तेव्हा वॉर्डच्या टोकाला असलेली सिस्टर धावत आली. सुई घालून मोजलेला दाब 48 होता आणि माझ्या रक्तदाबाचा खालचा आकडा 64. या दोहोंत तीसपेक्षा कमी अंतर उरले की चिरावे लागते. माझे सोळा उरले होते. प्लाझ्माच्या पिशव्या आणि के जीवनसत्त्व देऊन रक्त गोठण्याइतपत आणेपर्यंत साडेनऊ वाजले, म्हणजे ठणका सुरू झाल्यापासून साडेदहा तास.

दोन लांब छेद घेऊन चारही कप्पे मोकळे केले, अडीचशे मिलिलिटरच्या आसपास गुठळलेले रक्त काढले आणि खोलवरच्या स्नायूचा जो भाग निळसर पडला होता, चिमटा लावल्यावर आकसत नव्हता, तो कापून टाकला. जखमा शिवल्या नाहीत. शिवल्या तर दाब पुन्हा तयार होतो, म्हणून त्या उघड्याच ठेवतात. मला वाटले, आता संपले. रक्षाबंधनाचा दिवस होता; भाऊ गावाहून आला, त्याला राखी मी दुसऱ्या दिवशी सलाइन लावलेल्या हाताने बांधली आणि "आठ दिवसांत घरी" असे त्याला सांगूनही टाकले. प्रत्यक्षात तीस दिवस लागले.

पहिले दोन दिवस लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होता, कारण मेलेल्या स्नायूतले द्रव्य मूत्रपिंडात उतरत होते. ते धुऊन काढायला भरपूर सलाइन द्यावे लागते आणि माझ्यासारख्या हृदयाला भरपूर सलाइन चालत नाही, तेव्हा दर तासाला पिशवी मोजत, छाती तपासत ते निभावले.

खरा पेच रक्ताचा होता. पायाला रक्त गोठायला हवे होते आणि झडपेला ते गोठून चालणार नव्हते. शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून हळू आवाजात बोलत. एक म्हणत, अजून दोन दिवस थांबू या. दुसरे म्हणत, मायट्रलची धातूची झडप आहे, मला झोप लागणार नाही. अखेर 13 तारखेच्या संध्याकाळी पंपावर हेपॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले, कारण त्याचा परिणाम बंद केल्यावर काही तासांत ओसरतो. त्याच रात्री दोनच्या सुमारास मला पाठीखाली ऊब जाणवली. कॅथेटर सुटला असावा असे वाटून मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी पांघरूण उचलले आणि पुन्हा खाली टाकले, ते मी अजून विसरले नाही. ड्रेसिंग, चादर, रबरी शीट सगळे रक्ताने भरले होते. हेपॅरिन बंद, पुन्हा थिएटर, पुन्हा गुठळ्या काढणे, हिमोग्लोबिन 6.8, रक्ताच्या दोन पिशव्या.

त्यानंतरचे दोन दिवस झडप औषधाविना होती. धातूच्या झडपेचा आवाज ज्याची त्याला ऐकू येतो. शांत खोलीत तो भिंतीवरच्या घड्याळासारखा टिकटिकतो आणि बसवल्यानंतरचे पहिले वर्ष मी त्याला वैतागले होते. हृदयरोगतज्ज्ञांनी सांगून ठेवले होते की तो आवाज दबका वाटू लागला, तर एक क्षणही न थांबता सांगायचे, कारण गुठळी धरली की झडप नीट मिटत नाही. त्या दोन रात्री मी डाव्या कुशीवर, उशीत कान दाबून, स्वतःची टिकटिक ऐकत पडून होते. मध्येच ती दबल्याचा भास व्हायचा, मी श्वास रोखायचे, मग पुन्हा खणखणीत लागायची. पायाच्या दुखण्यापेक्षा मला ते ऐकणे आठवते.

हेपॅरिन दुसऱ्यांदा कमी मात्रेने सुरू केले, दर सहा तासांनी तपासणी करत, आणि या वेळी जखमेने ते सोसले. आतल्या बाजूच्या जखमेला कडेने स्टेपल मारून त्यांतून रबरी दोर बुटाच्या नाडीसारखा ओवला होता. रोज थोडा थोडा ओढत ती बाराव्या दिवशी मिटली. बाहेरच्या जखमेवर काळा स्पंज, वर प्लास्टिक आणि तिथून यंत्राला जाणारी नळी, अशी व्हॅक ड्रेसिंगची योजना होती. ते यंत्र जखमेतला स्राव ओढून घेताना हुक्क्यासारखे गुडगुडते.

20 ऑगस्टला ड्रेसिंग बदलताना खोलीत गोडसर वास पसरला. ड्रेसिंगच्या सिस्टर पिंपळगावच्या, त्यांच्या घरी द्राक्षांची बाग, त्या थांबल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "ताई, द्राक्षं उतरल्यावर शेडमध्ये येतो ना, तसा वास येतोय." मी निफाडची, मलाही तोच वाटला होता, पण ऑगस्टमध्ये द्राक्षे कुठली, म्हणून भास समजून मी गप्प बसले होते. त्यांनी गॉज उजेडात धरले, त्यावर मोरपंखी हिरवट डाग होते. त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. स्यूडोमोनास नावाचे जंतू असा रंग आणि असा वास सोडतात. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अहवाल यायला दोन दिवस लागले आणि त्यात तेच नाव होते. ओलसर, उघड्या जखमेत ते सहज घर करतात, लावलेली कातडी धरू देत नाहीत आणि रक्तात शिरले तर माझ्या झडपेवरही बसू शकले असते. रक्ताचे कल्चर तीन वेळा पाठवले, तिन्ही वेळा काही वाढले नाही. शिरेतून अँटिबायोटिक आणि जखमेवर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साध्या भाषेत पातळ व्हिनेगरच्या घड्या, असे नऊ दिवस चालले. व्हिनेगरने जी आग होते, तिच्यासाठी शब्द शोधण्याच्या भानगडीत मी पडत नाही. तेव्हापासून जानेवारी-फेब्रुवारीत आडगाव-ओझरच्या रस्त्याने जाताना वाऱ्यावर तो वास आला की मी गाडीची काच वर करते, आणि हे माहेरी सांगायची सोय नाही.

30 ऑगस्टला मांडीवरची कातडी काढून लावली. ज्या मांडीवरून कातडी सोलून घेतात ती जागा मूळ जखमेपेक्षा जास्त दुखते, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. तिथे मज्जातंतूंची टोके सगळी उघडी पडलेली असतात. पोटरीवर मात्र मला फारसे काही कळतच नव्हते आणि ते न कळणे चांगले लक्षण नव्हते. दुसऱ्या दिवशी गणपती बसले. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा कातडी बहुतेक धरलेली होती, वरच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढी जागा काळी पडून गळली, ती पुढे दोन महिने घरच्या ड्रेसिंगवर भरली. अनंत चतुर्दशीला, मिरवणुकीसाठी रस्ते बंद होण्याआधी, सकाळी दहाला मला घरी सोडले.

विम्याच्या कंपनीचे पत्र त्याच आठवड्यात आले. अपघाताची तारीख, वेळ आणि ठिकाण कळवावे, पोलिसांकडे नोंद झाली असल्यास प्रत जोडावी. अपघात नव्हता, असे आम्ही कळवले. मग दुसरे पत्र: एवढी मोठी शस्त्रक्रिया अपघाताशिवाय का करावी लागली, याचा खुलासा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घ्यावा. यजमानांनी चार खेटे घातले. पैसे मिळाले, पण अपघाताच्या त्या रकान्याने मला चिडवल्यासारखे झाले हे खरे.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की टाच जमिनीला टेकत नाही. पोटरीचे उरलेले स्नायू बरे होताना आखडत होते, पाऊल पुढे झुकले होते आणि बोटे हळूहळू आत वळत होती, कावळ्याच्या पंजासारखी. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू मरून दोरीसारखा आकसतो, हे फोल्कमन या जर्मन शल्यचिकित्सकाने 1881 मध्येच लिहून ठेवले आहे. त्याने पाहिलेले रुग्ण घट्ट बांधलेल्या पट्ट्यांखालच्या हातांचे होते. रुग्णालयात पावलाला आधार देणारा स्प्लिंट दिला होता. मी तो रात्री टोचतो म्हणून काढून ठेवत असे. डॉक्टरांनी तो का घालायचा हे सांगितले असेलही, पण त्या दिवसांत माझे सगळे लक्ष जखमेकडे होते आणि जखम भरली म्हणजे पाय बरा झाला, असे मी धरून चालले होते. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी तिने कोन मोजला आणि म्हणाली, "काकू, तीन आठवडे आधी यायला हवं होतं." चवड्याला पंचा अडकवून ओढायचे, भिंतीला तळवा लावून झुकायचे, जमिनीवर पसरलेला रुमाल बोटांनी गोळा करायचा, असे दिवसातून चार वेळा, आठ महिने. टाच टेकू लागली. दोन बोटे अजून वळलेली आहेत, म्हणून चप्पल रुंद पंजाची घ्यावी लागते. मेन रोडवर एका दुकानात पुरुषांच्या खणात ती मिळाली.

पाय संध्याकाळी सुजतो. पोटरीचे स्नायू चालताना आकुंचन पावतात आणि त्यांच्यावरचे ताठ आवरण शिरांतले रक्त वर ढकलायला मदत करते. आवरण उघडलेले आणि स्नायू कमी झालेला, त्यामुळे रक्त खालीच साचते. सकाळी उठल्याबरोबर, पाय खाली सोडण्याआधी, घट्ट मोजा चढवला तर दिवस बरा जातो. शाळेत मी आता खुर्चीवर बसून शिकवते आणि मागच्या बाकांचा त्यात फायदा होतो आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. लावलेल्या कातडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्या नाहीत. ती कोरडी पडते, खाजते, हिवाळ्यात भेगाळते. दोन वेळा खोबरेल तेल चोळावे लागते. तिच्यावर उन्हाचा पट्टा पडला की ती काळवंडते. बाहेरच्या बाजूला छेद घेताना घोट्याच्या वरून जाणारा एक मज्जातंतू दुखावला असावा, कारण पावलाच्या वरच्या भागाला कापड लागले की विजेसारखी चमक जाते. त्यासाठी रात्रीची एक गोळी आहे. ती सुरू करण्याआधी आयएनआर पाहिला आणि आठवड्याने पुन्हा पाहिला. आता डोकेदुखीच्या गोळीसाठीसुद्धा मी फोन करून विचारते आणि डॉक्टर न कंटाळता उत्तर देतात.

तळवा मात्र बधिर राहिला. वर चमक आणि खाली काहीच नाही, असे एकाच पावलाचे दोन स्वभाव झाले. डॉक्टरांनी बजावले होते की घरातही अनवाणी फिरायचे नाही, आणि घरात मी ते पाळत होते.

30 मार्च 2023 ला रामनवमी होती. आदल्या वर्षीचे सगळे निभावले म्हणून सासूबाईंनी माझ्या वतीने नाशिकच्या काळारामाला नारळ बोलला होता. आम्ही बाराच्या जन्मसोहळ्याला गेलो. मोजा आणि चप्पल दाराशी काढली. आवारात पायाखाली पट्टी अंथरलेली होती, पण तिच्यावर गर्दी फार आणि कोणाचा धक्का पोटरीला लागू नये ही माझी धास्ती, म्हणून मी बाजूच्या काळ्या फरशीवरून सावकाश चालत गेले. सासूबाई पट्टीवरूनच म्हणाल्या, "अगं, तिकडे तापलंय, इकडून ये." मला डाव्या पायाला चटके बसत होते, त्यामुळे मी सगळा भार उजव्यावर दिला. तो पाय शांत होता. दर्शन झाले, पाळणा झाला, सुंठवडा घेऊन आम्ही रिक्षाने घरी आलो.

घरी मी पाय धुऊन स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने मुलगी मागून आली आणि म्हणाली, "आई, तू पाय पुसला नाहीस का?" दारापासून ओट्यापर्यंत फरशीवर एकाच पावलाचे ओले ठसे उमटले होते. ते पाणी नव्हते. टाच आणि चवडा, दोन्हींवरचे फोड फुटले होते. मी स्टुलावर बसून पाय उलटा करून पाहिला, मग बोटाने दाबून पाहिला. यजमान गाडीची किल्ली शोधत होते आणि मुलगी खाली बसून विचारत होती, "दुखतंय का? आई, दुखतंय का?"

रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर त्या दिवशी पहिल्यांदा मला इजेची वेळ आणि ठिकाण सांगता आले. फोड भरायला सहा आठवडे लागले.